हात लावल्याशिवाय टिक नाही

आमच्या घरात कुणी 'जेवलो' म्हटलं की मी आधी मोरीत उष्टं ताट पडलंय का ते बघते. भाजीवाल्यानं 'आजचीच मेथी हाय' म्हटलं की देठ मोडून पाहते. सून म्हणते, 'आईंना गणपतीनं साक्षात दर्शन दिलं, तरी त्या आधी ओळखपत्र मागतील.' सुनेचं काही खोटं नाही. सतरा वर्षं मी संशय घेण्याचा पगार घेतला आहे.

त्यामुळे या अंकाच्या संपादकांनी फोनवर 'दिवाळी आहे, दानाविषयी काहीतरी प्रसन्न लिहा' असं सांगितलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. दानाविषयी प्रसन्न लिहिणारे लोक बहुतेक वेळा दान देणारे असतात. माझं काम दिलेलं दान कुठं गेलं ते बघण्याचं होतं, आणि ते बघताना माणूस फार वेळ प्रसन्न राहत नाही.

बाहेरच्यांना हा धंदा ठाऊक नसतो, म्हणून सांगते. मोठ्या शहरातल्या ज्या लोकांना काही चांगलं करावंसं वाटतं ते एखाद्या मोठ्या संस्थेकडे देणगी देतात. ती मोठी संस्था खेड्यापाड्यांतल्या लहान संस्थांना मदत करते. देणारा कधी भोकरदन तालुका बघत नाही आणि घेणारा कधी देणाऱ्याचं तोंड बघत नाही. या दोघांच्या मधल्या रस्त्यावर एसटीत बसलेली बाई म्हणजे मी. जायचं, डोळ्यांनी बघायचं, तक्ता भरायचा. दिलेल्या प्रत्येक वस्तूवर आमच्या संस्थेचं नाव आणि नंबर असलेली बोटभर पत्र्याची पट्टी स्क्रूनं बसवलेली असे. तिला आम्ही बिल्ला म्हणायचो. तक्त्यात रकाने तीनच होते. वस्तू, बिल्ल्याचा नंबर, आणि 'प्रत्यक्ष पाहिली का'. मी माझ्यापुरता एक नियम वाढवला होता, की वस्तूला हात लावल्याशिवाय टिक करायची नाही.

तपासणीला जाताना मी आधी कधी कळवलं नाही. कळवलं की रांगोळी निघते, शाल येते, नारळ येतो आणि कुठून तरी जीप भरून लाभार्थी येतात. हजेरीपट एकाच शाईत, एकाच हाताचा, एका बैठकीत लिहिलेला असला की मला लांबून कळायचं. दाराबाहेर चपला किती आहेत ते आत बसलेल्यांशी जुळवून पाहायची मला सवय होती. हिरव्या लुगड्यातली एक बाई मला एका संस्थेत निराधार म्हणून भेटली, महिन्याभरानं दुसरीकडे बचत गटाची अध्यक्ष म्हणून भेटली, आणि तिसऱ्या ठिकाणी ती शिवण शिकत होती. पुढे एका चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेले, तर रांगेत तीच माझ्यापुढे उभी. मी विचारलं, "बाई, तुम्ही नक्की कोण?"

ती जराही डगमगली नाही. "म्याडम, तुमी बी तिन्ही जागी आल्त्याच की. तुमाला गाडीभाडं भेटतं, मला जेवण भेटतं. मंग कुनी कुनाला काय म्हनायचं?"

वर तिनं मला प्रसादाचा पेढा दिला. तोही मी वास घेऊन खाल्ला.

अशा अनुभवांनी माझं नाक तयार झालं, आणि त्या नाकाचा मला गर्व होता. जालना जिल्ह्यात मला कुणी बनवू शकत नाही, असं मी चारचौघांत म्हणायचे. हसनाबादच्या शमीमआपा भेटेपर्यंत ते मला खरंही वाटत होतं.

त्या वर्षी आमच्या संस्थेनं रुग्णसाहित्य द्यायचं ठरवलं होतं. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की काही वस्तू लागतात. डोक्याकडून उचलता येणारी खाट, चाकाची खुर्ची, वॉकर, संडासची खुर्ची. आणि सगळ्यांत गरजेची हवेची गादी. तिला एक छोटा पंप असतो. तो गादीच्या नळ्यांमध्ये आळीपाळीनं हवा भरतो, त्यामुळे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. गादी नसली की पाठीला, कमरेला जखमा होतात, आणि मूळ आजारापेक्षा त्या जखमाच माणसाला आधी खातात. या वस्तू महाग, आणि घरात काही महिन्यांपुरत्याच लागणाऱ्या. म्हणून गावात एक केंद्र असावं, गरज असलेल्यानं न्यावं आणि काम झालं की परत आणून द्यावं, अशी योजना होती. एक केंद्र अंबडकडच्या एका संस्थेत आणि दुसरं हसनाबादला शमीमआपांकडे. दोघांना सारखंच सामान दिलं. तपासणी नीट झाली की दोघांनाही आणखी तीन-तीन गाद्या मिळायच्या होत्या.

अंबडकडच्या संस्थेचं नाव सांगत नाही. तिचे चालक भाऊसाहेब. मी अचानक गेले तरी खोली लखलखीत होती. खाटा ओळीनं मांडलेल्या, खुर्च्या भिंतीशी, गाद्या कपाटात. प्रत्येक वस्तूवर बिल्ला. नोंदवहीत कोणत्या रुग्णानं काय नेलं, कधी आणून दिलं, सगळं सुवाच्य अक्षरात. मी एकेका वस्तूला हात लावून टिक करत गेले. चाकाच्या खुर्चीच्या सीटवर कारखान्यातलं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. आता इतक्या वर्षांचं माझं नाक! पण मी काय म्हणावं? "भाऊसाहेब, किती जपता हो सामान!"

"म्याडम, लोकांनी इश्वासानं दिलंय, जपायलाच पायजे," भाऊसाहेब म्हणाले.

मी त्यांचा चहा घेतला. तपासणी संपेपर्यंत मी कुणाकडे चहा घेत नसे, त्या दिवशी मध्येच घेतला.

चार दिवसांनी हसनाबादला गेले. शमीमआपा पन्नाशीच्या, ठेंगण्या, ओढणी कमरेला खोचून भराभर चालणाऱ्या. नवरा जालन्याच्या मोंढ्यात हमाल होता. पाठीवर पोतं पडून तो सहा वर्षं खाटेवर होता. तो गेल्यावर रिकामी खाट शेजाऱ्यानं मागून नेली, तिथून या बाईंचं काम सुरू झालं. ही हकीगत मला अर्जात वाचून माहीत होती. घराला लागून पत्र्याची खोली होती. मी म्हटलं, "उघडा."

त्यांनी कडी काढली. आत एक वॉकर, त्याच्या एका पायाचं रबर गेलेलं. कोपऱ्यात एक चटई. बाकी खोली झाडून ठेवावी तशी मोकळी.

"सामान कुठंय?"

"कामावर गेलंय," आपा म्हणाल्या.

"कुणाकडे?"

"ज्यांना लागून राह्यलं त्यांच्याकडं. म्याडम, सामान या खोलीत दिसलं तर समजायचं मी झोपा काढून राह्यले."

वाक्य चांगलं होतं. चांगली वाक्यं ऐकली की मी जास्त सावध होते. नोंदवही मागितली. त्यांनी शाळकरी वही पुढे केली. सगळी उर्दूत. मला उर्दू वाचता येत नाही. त्यांनी वाचून दाखवलं, तर त्यात एकही नाव नाही. 'निंबाखालचं घर, खाट', 'दोन दरवाज्यांचं घर, गादी', 'मास्तर, खाट आणि खुर्ची'.

"नावं का नाहीत?"

"वही कुनाच्या हातात पडली तर? कुनाच्या सासूला काय झालंय, कुनाची जवान पोरगी अंथरुणात है, गावाला कशाला सांगायचं?"

"ठीक. मग एक घर दाखवा. एकच."

"न्हाई दाखवत." आवाज चढला नाही, पण हललाही नाही. "खाटेवरच्या मानसाच्या अंगावर कपडा असतो-नसतो. सून तोंड झाकून बसती. तिथं तुमी फोटू काढनार? मी प्रत्येक घरात शबद दिलाय, सामान देईन, पर बघायला कुनाला आननार न्हाई."

एवढ्यावर मी कदाचित थांबले असते. पण खिडकीत एक तुपाचा जुना डबा होता. माझी सवय वाईट, मी तो उघडला. आत आमचे बिल्ले. सगळे. स्क्रूसकट.

"हे का काढले?"

"त्याच्या कडा लागतात, चादर फाटती. आन मानूस डोळे उघडतो तर डोक्याशी कुनाचं तरी नाव. त्याला काय वाटंल?"

बिल्ले आहेत आणि वस्तू नाहीत. माझ्या धंद्यात याचा अर्थ एकच होतो, की माल विकला. माझ्या डोक्यात सगळं पक्कं बसलं, आणि नेमक्या त्याच वेळी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा, कपाशी वेचून आलेला, अंगाला कापूस चिकटलेला. नाव कडुबा.

"आपा, गादी आली का?"

"येईल कडुबाभाऊ. म्याडम तपासायलाच आल्यात ना. आता जल्दी येईल."

कडुबानं मला हात जोडले. "मंडळी माळवदावरनं पडल्या, म्याडम. कंबरेखालचं हालत न्हाई. पाठ लाल व्हायला लागली. तेवढी गादी पायजेल होती."

मी त्याच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, वेळ काय बरोबर साधली आहे! जीप भरून आणायच्या ऐवजी एकच आणला. मी त्याच्या चपलांकडेसुद्धा पाहिलं, धूळ खरी आहे का म्हणून. खरंच पाहिलं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

अहवालात लिहिलं, 'साहित्य आढळले नाही. बिल्ले काढलेले आढळले. लाभार्थी दाखवण्यास नकार.' माझ्या तीन ओळींवर पुढचं सगळं झालं. हसनाबादच्या तीन गाद्या अंबडकडे वळवल्या. संक्रांतीनंतर वरून पत्र आलं, हसनाबादला असेल नसेल ते साहित्य ताब्यात घ्या. मी टेम्पो ठरवला आणि गेले. आपा पळून गेलेल्या असतील, असा माझा अंदाज होता.

त्या दारातच उभ्या होत्या. हातात तो डबा. म्हणाल्या, "चला. पत्र आल्यावर मी घरोघर विचारून आले. आज न्हाई दाखवलं तर खाट जाईल, म्हनून दाखवते. पर खाटेवरनं मानूस तुमी उतरवा. मी न्हाई उतरवनार."

पहिलं घर मास्तरांचं. निवृत्त शिक्षक, एक बाजू गेलेली. खाट डोक्याकडून उचललेली, आणि ते पेपर वाचत होते. मी खाली वाकले. खाटेच्या पायाला, आतल्या बाजूनं, दोन बारीक भोकं. त्यांच्या शेजारी खिळ्यानं कोरलेला नंबर. आपांनी डब्यातून त्याच नंबरचा बिल्ला काढून भोकांवर धरला. तंतोतंत बसला.

"काही हरवलं का बाई?" मास्तरांनी वरून विचारलं.

"नाही. सापडलं," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर मी आपांवर चिडले. चूक आपली असली की माणूस आधी चिडतो. "नंबर कोरले होते तर त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी म्हनल्या असत्या, दाखवा. मंग घर दाखवावं लागलं असतं."

अकरा घरं फिरलो. एक वस्तू कमी निघाली नाही. उलट एक खाट जास्त निघाली, आपांच्या नवऱ्याची. प्रत्येक वस्तू घासलेली, कुठं दांड्याला चिंधी गुंडाळलेली, कुठं चाकाला सायकलची ट्यूब कापून बसवलेली. या सामानाची ने-आण आपा कशानं करतात, दुरुस्ती कोण करतं, हे आमच्या तक्त्यात कधी विचारलंच नव्हतं. बिल्ला लावता येईल अशी वस्तू द्यायला देणगीदार एका पायावर तयार असतो. बाईच्या पायपिटीला आणि पंक्चरला बिल्ला लावता येत नाही, म्हणून त्याला मदतही मिळत नाही. टेम्पोवाला विचारत होता, काय भरायचं? मी त्याला काही नाही म्हणून सांगितलं.

मग मी विचारलं, "तो कडुबा?"

आपा शेताकडच्या वाटेनं निघाल्या. वस्तीवर एक खोली. कडुबाची बायको मथुराबाई सुतळीच्या बाजेवर, दोन गोधड्यांवर, कुशीला. आपांनी शिकवल्याप्रमाणे कडुबा त्यांना दोन-दोन तासांनी कूस बदलून द्यायचा. पण तो कामावर गेला की कूस बदलून द्यायची कुणी? कमरेवरचा कपडा आपांनी बाजूला केला, आणि ज्या बाईनं आयुष्यभर लोकांच्या कपाटात, डब्यात, चपलांत डोकावून पाहिलं, तिनं तिथून नजर वळवली. पण वास आला. मी आले होते तेव्हा पाठ नुसती लाल होती. मधल्या महिन्यांत तिथं जे झालं ते माझ्या तीन ओळींनी केलं. यात मला अजून कुठली पळवाट सापडलेली नाही, आणि मी शोधली नाही असंही नाही.

दुसऱ्या दिवशी अंबडला गेले. भाऊसाहेबांची खोली तशीच लखलखीत. खुर्चीवर तेच प्लॅस्टिक. आता मी वही आणि वस्तू शेजारी ठेवल्या. वहीत एक गादी चौदा घरी जाऊन आली होती. पंपाच्या नळीच्या तोंडावरची कारखान्यातली चिकटपट्टी कुणी काढलेली नव्हती.

"भाऊसाहेब, हे काय?"

त्यांना राग आला नाही, आश्चर्य वाटलं. "म्याडम, वापरलं की खराब होतं. मंग तुमी आल्यावर दाखवायचं काय? मागं एका संस्थेची खाट मोडकी दिसली तर तुमीच लाल शाईनं लिवल्तं. आमी पाह्यलं ना!"

खरं होतं. लिहिलं होतं. या माणसाला मला लबाड म्हणायचं होतं, आणि वह्या खोट्या होत्याच. पण वस्तू न वापरणं तो आमच्याकडूनच शिकला होता.

"एक गादी न्यायची आहे."

"चार दिवस थांबा. पुण्याचे पाहुणे येनारेत, फोटू है. त्यानंतर सगळ्या न्या."

मी थांबले नाही. पावती केली नाही, वर विचारलं नाही, गादी आणि पंप उचलला आणि बाहेर आले. नोकरीत मी नियम मोडला तो एवढाच.

हसनाबादला आपांना बरोबर घेतलं आणि वस्तीवर गेले. कडुबा अंगणात होता. मी गादी खाली ठेवली, तर तो पुढे आला नाही. तिथूनच म्हणाला, "फोटू काढून परत नेता का?"

"नाही हो."

"न्हाई म्हनजे, मागं एका कार्यक्रमात चाकाची खुर्ची दिल्ती. फोटू झाला आन दुसऱ्या गावच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. तुमी तसं न्हाई ना?"

मला नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. माझ्यावर कुणी संशय घेतला नव्हता कधी. मी आपांकडून पेचकस मागून घेतला आणि पंपावरचा बिल्ला स्वतः काढून त्यांच्या डब्यात टाकला. मग कडुबानं गादीला हात लावला.

त्यानंतर मी दुसरा अहवाल लिहिला. 'आधीचा अहवाल चुकीचा होता. चूक माझी.' वरच्या साहेबांनी फोनवर विचारलं की आधी खोटं लिहिलं होतं की आता लिहिताय. प्रश्न रास्त होता, त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं. हसनाबादच्या गाद्या हसनाबादला आल्या, आपांच्या ने-आणीसाठीही काही मदत सुरू झाली, आणि तक्त्यात एक रकाना वाढला, 'वस्तू कुठे झिजली आहे?' तो माझ्या आग्रहानं. फार शहाणपणा केला असं वाटत होतं, तेवढ्यात एका संस्थेत खुर्चीचे दोन्ही हात अगदी सारखे झिजलेले दिसले. हात फिरवला तर पॉलिशपेपरनं घासल्याचा ताजा भुगा. माणूस खुर्चीत बसतो तेव्हा एका हातावर जास्त रेलतो, एवढंही त्यांनी पाहिलं नव्हतं. तेव्हा दान देणाऱ्यांनो, रकान्यांवरही फार विसंबू नका. वस्तूपेक्षा ती पोचवणाऱ्या माणसाला धरा, त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जा, आणि तो एखादं दार उघडत नसेल तर आत काय लपवलंय याबरोबर कुणाला झाकलंय हेही विचारा. मला हा दुसरा प्रश्न सुचायला फार उशीर झाला.

गुढीपाडव्यानंतर आपांचा फोन आला. "म्याडम, येऊन जा. कडुबाभाऊ गादी घेऊन आलेत. मथुराबाई गेल्या परवा. मी म्हनते ठेवा, तर ठेवत न्हाईत. म्हनतात, म्याडमसमोरच देईन."

मी गेले. पत्र्याच्या खोलीपुढे उन्हात कडुबा बसला होता. डोकं भादरलेलं. गादी निंबाच्या पाण्यानं धुऊन वाळवलेली, नळी गुंडाळलेली, पंप कापडात बांधलेला. तो म्हणाला, "कुठं फाटली न्हाई, म्याडम. जशी दिल्ती तशी है. बघून घ्या."

"बघितली. बरोबर आहे," मी म्हटलं आणि तक्ता काढला.

"न्हाई म्याडम." त्यानं दोन्ही हातांनी गादी माझ्यापुढे केली. "आपा म्हनल्या, तुमी हात लावल्याबिगर मानत न्हाई. हात लावून बघा."

मी हात लावला. गादी उन्हानं अजून गरम होती. मग टिक केली.